थंडी वाजून ताप

गेल्या आठवड्यात तीन दिवस अंथरुणात होते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायला लागून मला 14 वर्षं झाली, पण स्वतःच्या अंगाने इतकं साग्रसंगीत प्रात्यक्षिक दाखवायची ही पहिलीच वेळ.

दुपारी साडेतीनला हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं, पायात मोजे, तरी दातांवर दात आपटत होते. बोटं गारठलेली, नखं निळसर. थर्मामीटर लावला तर 100. तासाभराने थंडी थांबली, तेव्हा आकडा होता 103. ‘थंडी वाजून ताप आला’ असं आपण सहज म्हणून जातो, पण त्यातला क्रम बघा. आधी थंडी, मग ताप. अंग तापायला लागलेलं असताना थंडी वाजायचं कारण काय?

वर्गात मी फळ्यावर 37 अंश सेल्सिअसची आडवी रेघ मारते. तापमान रेघेच्या वर गेलं की घाम, खाली गेलं की कापरं. राखणदार कोण, तर मेंदूच्या तळाशी असलेला, बदामाएवढा हायपोथॅलॅमस. त्वचेकडून आणि खुद्द रक्ताकडून त्याला तापमानाची खबर लागते. मुलं हे घोकतात, पेपरात आकृतीसकट उतरवतात. तापात मात्र ही आकृती तोंडावर आपटते, कारण रेघच वर सरकते.

जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि हायपोथॅलॅमसला नवा हुकूम मिळतो: आता 37 नाही, 39च्या वर ठेवायचं. मग 100 फॅरनहाइट, म्हणजे 37.8 सेल्सिअस, हे शरीराच्या लेखी गारच की! लगेच त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, ऊब आतच राहावी म्हणून. माझी बोटं गार पडली ती त्यामुळे. स्नायू थरथरून उष्णता तयार करायला लागतात. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या इवल्या स्नायूंमुळे. लव दाट असलेल्या प्राण्यांना त्याचा उपयोग आहे, केस फुलले की ऊब अडकते. आपल्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, हुकूम मात्र अजून सुटतो.

आमच्या वर्गात भिंतीवर तक्ते आहेत. अस्थिसंस्था, स्नायुसंस्था, रक्ताभिसरण, चेतासंस्था, प्रत्येकीला स्वतंत्र खिळा. त्या तक्त्यांवर माझा जुना राग आहे. त्यांच्यामुळे मुलांना वाटतं, शरीर म्हणजे शेजारी शेजारी बसलेली खाती. त्या दुपारी मात्र माझे चेता, स्नायू, त्वचा आणि रक्तवाहिन्या, सगळे एकाच कामाला जुंपलेले होते.

पॅरासिटामॉल घेतली. ती जंतू मारत नाही. प्रोस्टाग्लँडिन कमी करते, की रेघ खाली येते. आता तेच 103 शरीराला जास्त वाटायला लागतं, त्वचेतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि दरदरून घाम फुटतो. रात्री आठपर्यंत माझी उशी ओली झाली होती.

शरीराने आतली स्थिती अशी रेघेच्या आसपास राखणं, याला होमिओस्टॅसिस म्हणतात. हा शब्द वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियातज्ज्ञाने 1926 मध्ये रूढ केला. शब्दाच्या सुरुवातीला त्याने ‘तंतोतंत तेच’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द न घेता ‘साधारण तसंच’ अशा अर्थाचा घेतला, आणि तेही मुद्दाम. आपलं निरोगी तापमानसुद्धा पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त असतं, अर्धा अंश तरी फरक पडतो. सगळीकडेच एवढी ढिलाई चालते असं नाही. रक्ताचा सामू (pH), म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कली आहे याचं माप, 7.35 ते 7.45 मध्येच लागतो. मूत्रपिंडांचा हिशोब तर वेगळाच: दिवसाला साधारण 180 लिटर गाळायचं आणि दीडएक लिटर बाहेर सोडायचं, बाकी सगळं परत रक्तात. त्यावर वेगळं लिहायला हवं.

सोमवारी वर्गात हे सगळं सांगितलं. 37ची रेघ पुसून वर नेली, परत खाली आणली. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, “मॅडम, मग ऊन लागून अंग तापतं, तेव्हापण रेघ वर जाते का?”

नाही जात. उष्माघातात रेघ 37लाच असते. शरीर उष्णता बाहेर टाकायची धडपड करतं आणि हरतं. खाली आणायला रेघ सरकलेलीच नसते, म्हणून तिथे पॅरासिटामॉल कामाची नाही. तातडीने दवाखान्यात हलवायचं आणि तोवर अंगावर पाणी, वारा, बर्फ, मिळेल त्याने बाहेरून थंड करत राहायचं. दोन्हीकडे थर्मामीटर 104च दाखवत असेल, तरी.

तिला म्हटलं, फळ्यावर ये आणि दोन्ही आकृत्या काढून दाखव. दुसरी तिने बरोबर काढली. पहिलीत रेघ वर नेली, पण घाम चढत्या तापात दाखवला. मी खडू परत तिच्या हातात दिला.