पॉम्पेईच्या चौकातला मापांचा दगड

इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन गावाच्या फोरमबद्दल, म्हणजे मुख्य चौकाबद्दल, लिहिताना बहुतेकजण ज्युपिटर या रोमन देवाच्या देवळापासून सुरुवात करतात. साहजिकच आहे. चौकाच्या उत्तर टोकाला उंच जोत्यावर देऊळ, त्याच्यामागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि पुढे सुमारे १४२ मीटर लांब, ३८ मीटर रुंद मोकळी जागा. फोटो काढायला आणखी काय हवं? पण मी नोकरीभर वजनंमापं तपासली आणि वैधमापन निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. म्हणून मी सुरुवात करणार आहे ती पश्चिमेकडच्या भिंतीतल्या एका कोनाड्यापासून.

अपोलोच्या देवळाचं आवार आणि फोरम यांच्यामधल्या भिंतीत हा कोनाडा आहे. आत चुनखडीच्या दगडाची जाड लादी बसवली आहे आणि तिच्यात लहानमोठे गोल खळगे कोरले आहेत. प्रत्येक खळग्याच्या तळाला भोक. भोक बंद करायचं, खळगा काठापर्यंत भरायचा, खाली विक्रेत्याचं मापाचं भांडं धरायचं आणि भोक मोकळं करायचं. माल सरळ भांड्यात उतरतो. भांडं न सांडता काठोकाठ भरलं तर विक्रेत्याचं माप खरं, नाहीतर खोटं. मेन्सा पोंडेरारिया असं या दगडाचं नाव आहे.

"आई, सगळे तिकडे देवळासमोर उभे आहेत, तू इथे काय बघतेस?" लेकीने विचारलं. तिला म्हटलं, या चौकातला सगळ्यात महत्त्वाचा दगड बघतेय. आजही माझं मत तेच आहे. मापात पाप करणारा माणूस प्रत्येक बाजारात असतो, प्रत्येक काळात असतो. निरीक्षक रोज प्रत्येक दुकानात पोचू शकत नाही. इथे मात्र प्रमाण माप उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, भिंतीत पक्कं बसवलेलं. ते कुणी घरी नेऊ शकत नाही, गुपचूप बदलू शकत नाही. शंका आली की गिऱ्हाईक स्वतः भांडं घेऊन तिथे जाऊ शकतं. आमच्या खात्यात प्रमाण मापं कुलपात असायची. त्याची कारणं मला ठाऊक आहेत आणि पटतातही, तरी या दगडासमोर उभं राहिल्यावर मला त्या गावाचा हेवा वाटला.

दगडाला स्वतःचा इतिहासही आहे. पॉम्पेई मुळात रोमन गाव नव्हतं. तिथले लोक ऑस्कन ही इटलीतली जुनी भाषा बोलत आणि खळग्यांच्या बाजूला मापांची नावं त्याच भाषेत कोरलेली होती. इ.स.पू. ८० मध्ये रोमन सेनापती सुल्लाने आपले निवृत्त सैनिक तिथे वसवले आणि गाव रोमन वसाहत झालं. कारभाराची भाषा लॅटिन झाली. मापं मात्र रोमन प्रमाणाला जुळवली गेली ती इ.स.पू. २० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी! तेव्हा जुनी नावं खरवडून काढली आणि खळगे मोठे करून घेतले. खरवडलेल्या खुणा पूर्णपणे गेल्या नाहीत. राज्य बदलतं, कायदा बदलतो, पण शेर-पायली लोकांच्या हातात बसलेली असते, ती सगळ्यात शेवटी हलते. एका पद्धतीची मापं जाऊन दुसरी येताना काय होतं हे ज्याने बाजारात बघितलं आहे, त्याला त्या साठ वर्षांचं नवल वाटणार नाही.

हे काम करवून घेणाऱ्या दोघांची नावं दगडावरच आहेत: औलुस क्लोदियुस फ्लाक्कुस आणि नुमेरियुस आर्काएउस आरेल्लियानुस कालेदुस. दोघेही दुऊमविर, म्हणजे त्या वर्षीचे गावाचे निवडून आलेले दोन मुख्य अधिकारी. नगरसभेच्या ठरावानुसार मापं सारखी करून घेतली, एवढंच कोरलं आहे. यातला फ्लाक्कुस आणखी एका शिलालेखात भेटतो. तो तीन वेळा दुऊमविर झाला. पहिल्या खेपेला अपोलोच्या उत्सवात त्याने याच फोरममध्ये मिरवणूक काढली, बैलांचे खेळ आणि मुष्टियुद्धं ठेवली, नट-गायक आणले आणि वर गावाच्या तिजोरीत १०,००० सेस्टर्स (रोमन नाणी) भरले. निवडून येणाऱ्याने स्वतःच्या खिशातून खर्च करायचा, अशीच तिथली रीत होती. शिलालेखात खेळांची यादी लांबलचक आहे. मापांच्या दगडावर मोजके शब्द. मला विचाराल तर गावाच्या जास्त उपयोगी पडला तो दगड.

बाजारावर रोजची नजर ठेवणं हे एडाइल या अधिकाऱ्यांचं काम होतं. रस्ते, बाजार, सार्वजनिक इमारती, सगळं त्यांच्याकडे. खोटी मापं सापडली तर ती फोडून टाकायची. रोमन कवी जुवेनालने एका ओसाड गावातल्या अशाच फाटक्या कपड्यातल्या एडाइलचा उल्लेख केला आहे: बसलाय मापांचे निवाडे करत आणि लहान भांडी फोडत. रोममधल्या सत्तेच्या मानाने ते किती क्षुल्लक, तरीही किती सुरक्षित पद, असा त्याचा रोख आहे. मला ती ओळ वाचून त्या एडाइलबद्दल आदरच वाटला. ज्या गावात कुणी लहान भांडी फोडतं, तिथल्या गरिबाला पुरतं धान्य मिळतं.

कोनाड्याच्या जवळच वायव्येला एक मोठी शेडसारखी इमारत आहे, तिथे धान्य-कडधान्याचा बाजार असावा असं मानतात. आता तिथे जाळीमागे उत्खननात सापडलेली रांजणं-भांडी ठेवली आहेत. समोर, ईशान्येच्या कोपऱ्यात मॅसेलम, मांस-मासळीचा बाजार. त्याच्या मधोमध बारा खांबांच्या बैठका दिसतात आणि तिथल्या गटारात माशांची खवलं सापडली. देवळापासून दोन-चार पावलांवर मासळी! फोरम म्हणजे नुसता मोठेपणा मिरवायची जागा, असं ज्याला वाटतं त्याने ते गटार बघावं.

पूर्वेच्याच बाजूला युमाकियाची इमारत आहे. ही सार्वजनिक पुजारीण. तिने स्वतःच्या आणि मुलाच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने एवढी मोठी वास्तू बांधली आणि तिचा पुतळा उभारला तो कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारागिरांनी. नैऋत्येला बॅसिलिका, जिथे खटले चालत आणि सौदे होत. तिच्या भिंतीवर कुणा गायुस पुमिदियुस दिपिलुसने आपण इथे आलो होतो असं तारखेनिशी कोरून ठेवलं आहे, ३ ऑक्टोबर इ.स.पू. ७८. दक्षिणेच्या सरकारी इमारती मी भराभर बघितल्या. तिथे विटांच्या भिंतींपलीकडे आता फारसं काही उरलेलं नाही.

गाड्यांना मात्र या चौकात मज्जाव होता. व्हिया देल्ल'आब्बोंदान्त्सा हा मोठा रस्ता जिथे फोरमला मिळतो तिथे उभे दगड रोवलेले आहेत. माणूस जाईल, चाक जाणार नाही. मला ते दगड फार आवडले. गर्दीच्या जागी पायी चालणाऱ्याला आधी वाट, हे तिथे नुसतं लिहून ठेवलेलं नव्हतं, रस्त्यातच रोवलेलं होतं.

आज दिसतो तो फोरम भरभराटीचा नाही, हेही जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. इ.स. ६२ च्या सुमारास मोठा भूकंप झाला आणि ज्युपिटरचं देऊळ कोसळलं. लुकियुस काइकिलियुस युकुंदुस नावाच्या सावकाराच्या घरात एक कोरीव पट्टी सापडली, त्यात हे देऊळ चक्क एका बाजूला कललेलं दाखवलं आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हाही फोरमची दुरुस्ती अर्धवट होती. पुतळ्यांच्या बैठका रिकाम्या आहेत, फरसबंदीच्या बऱ्याच लाद्या गेल्या आहेत. बैठका बघताना वर पुतळे कल्पावे लागतात.

माणसं मात्र कल्पावी लागत नाहीत. युलिया फेलिक्स नावाच्या बाईच्या मालमत्तेत भिंतीवर फोरममधल्या दिवसाची चित्रं सापडली. कापड विकणारे, चपला विकणारे, भांडीवाला, घोडेस्वारांच्या पुतळ्यांच्या बैठकांवर आडवी लावलेली लांब पाटी आणि ती वाचत उभे असलेले लोक. एका चित्रात एका पोराला फटके मारले जात आहेत, दुसऱ्यात एक भिकारी कुत्र्याला घेऊन उभा आहे. ही चित्रं आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

मापांचा मूळ दगडही त्याच संग्रहालयात आहे. कोनाड्यात आहे ती प्रतिकृती. तेव्हा वेळ असेल तर दोन्ही बघा, आणि संग्रहालयात गेलात की खळग्यांच्या कडेला वाकून बघा: खरवडलेल्या ऑस्कन अक्षरांच्या खुणा तिथे अजून आहेत.