पंचगंगा क्लस्टर, नोंद दुसरी: नोड आहेत, पण एकमेकांना दिसत नाहीत

मागच्या नोंदीत तीन सेकंडहँड मिनी पीसी, एक आठ पोर्टचा स्विच आणि कॅसँड्रा ४.१ (अनेक मशीनवर, म्हणजे नोडवर, डेटा वाटून ठेवणारा डेटाबेस) इथवर आलो होतो. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी आणि आमच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचे आकडे साठवायचा हा घरगुती उद्योग. एवढ्याशा डेटाला तीन मशीन कशाला, हे घरातूनही विचारून झालंय. एसक्यूलाइटच्या एका फाइलीत आरामात मावेल की. पण मग रविवारी करायचं काय?

नोडची नावं पंचगंगेच्या उपनद्यांवरून: कासारी, कुंभी आणि तुळशी. चौथा आला तर भोगावती. सरस्वती गुप्त, तिचं शेवटी बघू. एका मित्रानं नोड_१, नोड_२ अशी नावं सुचवली होती. ती दिसायला रुक्ष आहेतच, शिवाय हॉस्टनेममध्ये अंडरस्कोर नियमात बसत नाही आणि जावाच्या यूआरआय क्लासला असल्या पत्त्यातला होस्ट विचारला की तो सरळ नल देतो. कॅसँड्रा जावावर चालतो, तेव्हा ती बिलामत नकोच.

पहिला घोळ डेटाबेसपर्यंत पोचायच्या आधीच झाला. कासारीवर उबंटू सर्व्हर बसवला, त्याच एसएसडीची डीडी कमांडने हुबेहूब प्रत काढून बाकीची दोन उभी केली आणि हॉस्टनेम बदलून रीबूट केलं. त्यानंतर १९२.१६८.१.२२ ला एसएसएच केलं की प्रॉम्प्टवर कधी कुंभी, कधी तुळशी, मध्येच कासारी. कमांड तीच, पत्ता तोच. ‘होस्ट की बदलली आहे’ असा एसएसएचचा नेहमीचा आरडाओरडाही नाही, कारण त्या कीसुद्धा प्रतीतूनच आलेल्या, तिन्हीकडे सारख्या. लॅपटॉपवरून आर्पिंग चालवलं तेव्हा एकाच आयपीसाठी वेगवेगळे मॅक अ‍ॅड्रेस उत्तर देताना दिसले.

कारण मशीन-आयडी. उबंटू सर्व्हरवर नेटप्लॅनच्या मागे सिस्टमडी-नेटवर्कडी असतो. तो डीएचसीपीला (राउटरची आयपी वाटायची सोय) स्वतःची ओळख देतो ती मॅकवरून नाही, तर एटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी फाइलीवरून बनवलेली. प्रतीत ती फाइल तीच, म्हणून राउटरच्या लेखी तिन्ही मशीन एकच. फाइल रिकामी करून रीबूट केलं की नवा आयडी तयार होतो. एसएसएचच्या होस्ट कीही पुसून नव्याने बनवाव्यात. शिवाय नेटप्लॅनमध्ये डीएचसीपी-आयडेंटिफायर मॅक असा लिहून टाकला.

प्रत काढणाऱ्यांनी आणखी एक बघावं. डेबियन पॅकेज इन्स्टॉल होताक्षणी कॅसँड्रा आपोआप सुरू होतो आणि ‘टेस्ट क्लस्टर’ हे नाव स्वतःच्या सिस्टम टेबलात लिहून ठेवतो. नंतर यॅमल या कॉन्फिग फाइलीत नाव बदललं की साठवलेलं नाव वेगळं आहे म्हणून तो उठायलाच तयार नसतो. त्याच अवस्थेत प्रत निघाली असेल तर नोडचा होस्ट आयडी आणि टोकनही (डेटाचा कुठला भाग कुणाकडे हे ठरवणारे आकडे) प्रतीत जातात, म्हणजे दोन नोड एकच असल्याचा दावा करतात. खरा डेटा आत जायच्या आधीच सर्व्हिस थांबवून डेटा डिरेक्टरी रिकामी करणं सगळ्यात स्वस्त.

आता खरा विषय. तिन्ही मशीनवर एकच यॅमल चालावी म्हणून लिसन अ‍ॅड्रेस (बाकीचे नोड ज्यावर गाठतात तो पत्ता) मुद्दाम रिकामा ठेवला होता. तशी मुभा आहे: रिकामा असला तर कॅसँड्रा जावाला विचारतो, ‘या मशीनचा पत्ता काय?’ सीड म्हणून, म्हणजे नव्या नोडनं सगळ्यात आधी जिला विचारायचं ती, कासारी दिली. कासारी उठली. कुंभी सुरू केली तर लॉगमध्ये एकच रडगाणं, कुठल्याही सोबत्याशी गॉसिप (नोडची आपसांतली खबरबात) जमत नाही. पिंग जातं. कासारीवर यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये ७००० (नोडची आपसांतली बोलणी) आणि ९०४२ (बाहेरची गिऱ्हाइकं) ही पोर्टं उघडी. मग कासारीवर नोडटूल स्टेटस बघितलं. एकच ओळ, यूएन (अप, नॉर्मल), म्हणजे तब्येत ठणठणीत. पत्त्याचा रकाना मात्र असा: १२७.०.१.१.

बाई स्वतःशीच बोलत बसली होती.

डेबियन आणि उबंटू एटीसी-होस्ट्स फाइलीत मशीनच्या नावासमोर १२७.०.१.१ लिहून ठेवतात. कायमचा आयपी नसलेल्या मशीनलाही स्वतःचं नाव ओळखता यावं हा त्यामागचा हेतू, आणि डेस्कटॉपसाठी तो बरोबरच आहे. जावानं कासारीचा पत्ता शोधला, होस्ट्स फाइलीनं लूपबॅक (मशीननं स्वतःशीच बोलायचा पत्ता) दिला, कॅसँड्रा त्यावरच ७००० पोर्ट उघडून बसला. एसएस कमांडनं ऐकणारी पोर्टं बघितली की हे एका नजरेत कळतं. नोड ‘वर’ आहे की नाही यापेक्षा तो कुठल्या पत्त्यावर ऐकतोय हे आधी बघा, निम्मा वेळ वाचतो.

यावर तीन उपाय आहेत. होस्ट्स फाइलीत खरा आयपी लिहायचा, लिसन इंटरफेस वापरायचा, नाहीतर लिसन अ‍ॅड्रेसमध्ये आयपी स्पष्ट लिहायचा. पहिल्या उपायात क्लाउड-इनिटचं मॅनेज-एटीसी-होस्ट्स चालू असेल तर ती फाइल बूट होताना परत लिहिली जाते. दुसरा चांगला आहे, पण माझ्या एका मशीनच्या इंटरफेसचं नाव वेगळं निघालं. तिसराच घेतला. नावं माणसांसाठी ठेवायची, कॉन्फिगमध्ये आकडे, असं माझं मत झालंय. सीडच्या यादीत डॉट-लोकल नावं घालणारे बरेच दिसतात. अशी नावं घरच्या नेटवर्कवर एमडीएनएसनं शोधून देणारा अवाही चालू आहे तोवर सगळं गोड. ज्या दिवशी एमडीएनएस उत्तर देणार नाही, त्या दिवशी सीड कुठं आहे हेच कळणार नाही. आणि लिसन अ‍ॅड्रेसमध्ये ०.०.०.० चालत नाही. सगळ्या इंटरफेसवर ऐकणं ठीक, पण बाकीच्या नोडना कळवायला तो पत्ताच नव्हे.

तिन्ही नोड यूएन दिसल्यावर वाटलं, जिंकलो. लॅपटॉपवरून पायथन ड्रायव्हर जोडला. कासारीला जोडला गेला आणि लगेच १२७.०.०.१ च्या ९०४२ पोर्टला कनेक्शन नाकारल्याची तक्रार. लॅपटॉपवर कॅसँड्रा नाहीच, मग हा पत्ता आला कुठून? ड्रायव्हर पहिल्या नोडला बाकीच्यांचे पत्ते विचारतो आणि मग थेट त्यांच्याकडे जातो. कासारीवर सिस्टम पिअर्स टेबलातले पिअर आणि आरपीसी अ‍ॅड्रेस हे दोन रकाने काढून बघितले. कुंभीचा पिअर १९२.१६८.१.२२ आणि आरपीसी अ‍ॅड्रेस १२७.०.०.१. कुंभी आणि तुळशीवर तो मूळचा लोकलहोस्टच राहिला होता. म्हणजे नोडना दिलेला पत्ता खरा आणि गिऱ्हाइकाला दिलेला भलताच. दोन्हीकडे खरा आयपी लिहिला, काम झालं. आरपीसीला ०.०.०.० चालतो, पण त्याच्या जोडीला ब्रॉडकास्ट आरपीसी अ‍ॅड्रेस द्यावाच लागतो, नाहीतर नोड सुरूच होत नाही.

मग पावसाळा. पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे सरकायला लागली की मी दर तासाला आकडा घेतो, ४३ ला धोका. आणि लाईट जायचा मुहूर्तही नेमका तोच. वीज परत आली की मिनी पीसी आधी उठतात आणि राउटर डोळे चोळत मागून. तोवर डीएचसीपी नाही, आयपी नाही, लिसन अ‍ॅड्रेसमधला पत्ता मशीनवर अजून आलेलाच नाही, म्हणून कॅसँड्रा बाइंडची एरर देऊन पडतो. राउटरवरचं रिझर्व्हेशन काढून नेटप्लॅनमध्येच स्थिर आयपी दिले आणि सर्व्हिसला नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतरच उठायला सांगितलं. त्यानंतरच्या दोन्ही वेळा क्लस्टर हात न लावता उभा राहिला.

जाता जाता घड्याळाचं. तुळशीची सीमॉस बॅटरी संपलेली आहे, त्यामुळे इंटरनेट येईपर्यंत तिची वेळ मागेच राहते. कॅसँड्रात एकाच ओळीच्या दोन नोंदींपैकी नंतरच्या टाइमस्टॅम्पची टिकते आणि तो टाइमस्टॅम्प ड्रायव्हर लावतो, म्हणजे स्क्रिप्ट जिथं चालते त्या मशीनचं घड्याळ. माझी स्क्रिप्ट तुळशीवरच आहे. दुरुस्त केलेला आकडा मागच्या वेळेनं गेला तर एरर न येता गडप होतो. घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ सेल आणून बसवायचाय, इंटरनेटवरून वेळ जुळवणारा क्रोनी चालू केलाय.

आता सरस्वती. चौथा नोड उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये ठेवायचाय. तिथलं इंटरनेट सीजीनॅटच्या मागे (एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत), बाहेरून कुणाला दिसत नाही, म्हणून भोगावतीचा नंबर मागे ठेवून हे नाव दिलं. घरी पब्लिक आयपी आहे, तेव्हा वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा तिकडून उघडायचा आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंदांचा. इथपर्यंत सोपं. अडचण अशी की वर्कशॉपचं लॅनही १९२.१६८.१ चंच. सरस्वतीनं १९२.१६८.१.२१ ला हाक मारली तर ती बोगद्यात न शिरता शेजारच्या प्रिंटरकडे जाईल.

दोन वाटा होत्या. सगळ्याच नोडवर वायरगार्ड बसवून लिसन अ‍ॅड्रेस त्यातलेच द्यायचे, नाहीतर घरची रेंज बदलायची. तीन शेजारी मशीनची बोलणी बोगद्यातून न्यायला मन धजलं नाही. रेंज १०.२१.७ केली. एकेक नोड बदलला असता तर मधल्या काळात ते वेगवेगळ्या सबनेटमध्ये पडले असते, म्हणून तिन्ही एकदम थांबवले, लिसन, आरपीसी आणि सीड तिन्ही ठिकाणी नवे आयपी लिहिले, कासारी आधी उठवली, मग बाकीच्या. नोडची ओळख आयपीवर नाही, होस्ट आयडीवर असते, त्यामुळे टोकन जागचे हलले नाहीत. एका नोडचा जुना आयपी दुसऱ्याला मात्र दिला नाही, तो गुंता मुद्दाम कशाला ओढवून घ्या.

बोगदा चालू आहे, कासारी गेटवे आहे, बाकी दोघींना बोगद्याच्या सबनेटचा रूट दिलाय आणि पिंग चारी बाजूंनी जातंय. सरस्वतीला रॅकडीसी फाइलीत वेगळं डेटासेंटर देणार, म्हणजे घरच्या वाचन-लेखनाला लोकल कोरम (आपल्याच डेटासेंटरमधल्या बहुमताचा होकार) पुरेल आणि वर्कशॉपची लाइन गेली तरी इथं काही अडणार नाही. स्निच (कुठला नोड कुठल्या डेटासेंटरात हे सांगणारा भाग) सगळीकडे गॉसिपिंग प्रॉपर्टी फाइलवालाच आहे. पुढच्या नोंदीत कीस्पेस ऑल्टर आणि नोडटूल रीबिल्ड. त्याआधी वायरगार्डच्या १४२० एमटीयूवर (एका पॅकेटचा कमाल आकार) मोठी स्ट्रीमिंग अडते का ते बघायचंय. कुणी दोन घरांत मिळून कॅसँड्रा चालवत असेल तर एमटीयू किती ठेवलाय ते कळवा.