संगणक, मींड आणि नौपाड्यातला रियाज

माझ्याकडे ठाण्यातल्या नौपाड्यात गाणे शिकायला येणारी बहुतेक मुले आता घरच्या संगणकावर स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करतात, त्याला तानपुरा आणि ठेका जोडतात आणि शेवटी सूर ‘दुरुस्त’ करून घेतात. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचे मी मनापासून स्वागत करते, कारण घरी तबलजी बोलावणे किंवा स्टुडिओचे भाडे भरणे प्रत्येकाला परवडत नाही. तिसऱ्या गोष्टीबद्दल मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते.

१९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या यंत्राकडून सूर काढून घेतले, निदान तेव्हापासून तरी संगणक संगीतात आहे. १९८३ मध्ये मिडी ही वाद्यांना आपसात संदेश पाठवू देणारी सामाईक पद्धत आली आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये व संगणक एकमेकांना जोडता येऊ लागले. मिडीत प्रत्येक सुराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक मिळतो. पेटीसारख्या पट्ट्यांच्या वाद्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण दोन क्रमांकांच्या मधून जायचे असेल, तर ‘पिच बेंड’ हा वेगळा संदेश पाठवावा लागतो. आपल्या गाण्यात एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणारी जी मींड रागाचे रूप ठरवते, ती तिथे मूळ सुराला मागाहून दिलेली जोड ठरते.

सूर आपोआप दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली आले. त्याचे निर्माते अँडी हिल्डेब्रँड हे आधी तेलसंशोधनासाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचे विश्लेषण करत असत, आणि त्याच जातीचे गणित त्यांनी गळ्यातला सूर ओळखण्यासाठी वापरले. ही बुद्धिमत्ता मला थक्क करते. अडचण ओळखण्यात नाही, ओळखलेला सूर कुठे नेऊन बसवायचा यात आहे. नेहमीच्या मांडणीत सप्तकाचे बारा समान भाग असतात, प्रत्येकी १०० सेंटचे (सेंट हे सुरांमधले अंतर मोजण्याचे एकक), म्हणून शुद्ध गंधार (ग) षड्जापासून (सा) ४०० सेंटवर पडतो. उलट चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जाशी ५:४ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो. याचा अर्थ, तानपुऱ्यात कान घालून अगदी सुरेल गंधार लावणाऱ्या मुलीचा सूर यंत्र १४ सेंटनी वर ओढते आणि तिला तो सुधारला असे सांगते. दरबारी रागातल्या आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणाऱ्या, कोमल गंधाराचे हाल याहून वाईट होतात. दुरुस्तीचा वेग जास्त ठेवला, तर ते आंदोलनच सपाट होते किंवा त्याच्या पायऱ्या पडतात.

(आवाज स्वच्छ करणाऱ्या फिल्टरांचेही असेच आहे. नौपाड्यात पावसाची सर किंवा पंख्याची घरघर काढायला ते लावले, की अखंड वाजणारा तानपुराही त्यांना गोंगाट वाटतो आणि तो विरळ होत जातो.)

तरीही संगणक रियाजातून हद्दपार करावा, असे मी कधीही म्हणणार नाही. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेला ‘प्राट’ हा मोफत प्रोग्रॅम गायलेल्या सुराची रेषा काढून दाखवतो. कळव्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याला यमन रागात पंचमावरून (प) मींडेने ऋषभावर (रे) येताना तो गंधारावर थांबतो, हे माझ्या सांगण्यातून पटत नव्हते. रेषेतली आडवी पायरी पाहिल्यावर ते लगेच पटले आणि आठवड्याभरात मींड सलग झाली. पट्टी न बदलता ध्वनिमुद्रण संथ करून जुन्या गायकांची तान समजून घेणे, हीसुद्धा आमच्या पिढीला विद्यार्थिदशेत न मिळालेली मोठी सोय आहे.

म्हणून मी मुलांना सांगते की, तानपुरा आणि गळा वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, रेषा पाहा, संथ करून ऐका, पण सुराची दुरुस्ती बंद ठेवा. एखाद्या ओळीत सूर उतरला असेल, तर तेवढी ओळ पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित करा.