कुठला डोंगर?

काल रात्री दादाला मी काढलेल्या चित्राचा फोटो पाठवला. सकाळी उत्तर, "मस्तच! कुठलं गं हे? कोकणातलं का?"

दिवसभर तेच डोक्यात. कोकणातलं! मानखुर्द सुटून लोकल पुलावर आली की खिडकीतून दिसते ती खाडी, आणि तिच्यामागे पारसिक डोंगराची रांग. १९९२ ला गाडी वाशीपर्यंत यायला लागली तेव्हापासून आम्ही खिडकीसाठी भांडलो ते हेच बघायला. आणि त्याने ओळखलं नाही.

बाबांनी लगेच ओळखलं असतं. असो.

खरं तर ओळखीचं म्हणून जे असतं ते बरंचसं मीच गाळलं होतं. वाशीच्या इमारती, विजेचे टॉवर, खारफुटी, काहीच घेतलं नाही. डोंगराचे तीन सपाट आकार: पुढचा जवळजवळ काळा, मधला जांभळट, मागचा फिका निळा. लांबचं फिकं दिसतं ते मधल्या हवेमुळे, म्हणून मागे जाताना पांढरा वाढवत गेले. खाडी म्हणजे नुसता एक आडवा पट्टा. त्याची कड सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावली, टेपच्या कडेवरून आधी खालचाच रंग फिरवला, म्हणजे वरचा आत झिरपत नाही. टेप ओढताना श्वास रोखला होता. कड इतकी स्वच्छ आली की एकटीच हसले.

रशियन चित्रकार रोरिक कुलूजवळ नग्गरला राहिले, १९४७ मध्ये तिथेच वारले. त्यांचा तो मोठाल्या निळ्या आकारांतला हिमालय बघताना मी कधी शिखराचं नाव विचारलंय? नाही. मग दादाने विचारलं तर एवढं का लागावं?

लागलं. तो म्हणेल, "अगं, आपली खिडकी!" असं वाटलं होतं. इतकी वर्षं तिकडे राहून त्याच्या डोळ्यांसमोर आता कुठला डोंगर येतो, कोण जाणे. गणपतीत येतो म्हणालाय.

संध्याकाळी चित्र भिंतीला टेकवून पुन्हा पाहिलं. एखादा टॉवर घालावा असं वाटून ब्रश हातात घेतला, आणि ठेवून दिला. खाणींनी कापलेला खांदा आहे त्यात, चपट्या ब्रशचा एकच तिरका फटका. मला तो रोज दिसतो, म्हणून तो राहिला. त्याने रोज पाहायचं सोडलंय, त्याला नाही कळणार, आणि त्यात त्याचा काय दोष.

"पारसिक आहे रे, पुलावरून," एवढंच लिहून पाठवलं.

पुढच्या वेळी खाडी निळी नको. पावसाळ्यात असते तशी मातकट घ्यायची. तपकिरी बर्न्ट अंबर रंग संपत आलाय, आणायला हवा.