दोन औंस चहा आणि दान्ते

एक कवी किराणा दुकानात तराजू धरून उभा आहे. समोर एक चांभार, त्याला दोन औंस चहा हवाय. त्याच्या मागे गाडीवान, त्याला अर्धा यार्ड पिळाची तंबाखू मोजून हवी. कुणाला सकाळचा दारूचा घोट हवाय, तीन सेंटचा. कवी म्हणतो, आपल्या या कवीच्या हाताला असलं काम करताना पाहून मला किती हसू यायचं याची कल्पना करा!

साल १८०५. तो लोरेन्झो दा पोन्ते. मोत्झार्टच्या ‘फिगारोचं लग्न’, ‘डॉन जोव्हानी’ आणि ‘कोझी फान तुत्ते’ या तिन्ही ऑपेरांची संहिता याच हाताने लिहिली होती. दुकान आधी न्यू यॉर्कमध्ये होतं. पण शहरात पिवळ्या तापाची साथ आली आणि तो बायकामुलांना घेऊन न्यू जर्सीत एलिझाबेथटाउनला गेला, तिथेही दुकानदारीच केली. हे मी संध्याकाळच्या ट्रेनमध्ये वाचत होते. मान वर केली तर खिडकीबाहेर पाटी: एलिझाबेथ. तेच गाव. गेली नऊ वर्षं मी कामावर जाता-येता इथून जातेय आणि मला याचा पत्ताच नव्हता. गाडी सुटली तरी मी पान उलटलं नाही.

त्याच्या आठवणींचं पुस्तक मला लायब्ररीत संगीताच्या कप्प्यात मिळालं, एलिझाबेथ अॅबट यांनी १९२९ साली केलेलं इंग्रजी भाषांतर. संगीतात ते का ठेवलंय हे समजू शकतं. पण मोत्झार्टसाठी हे पुस्तक उघडणाऱ्याची निराशा होते, कारण त्याच्याबद्दल त्यात फार थोडं आहे. ‘कोझी’चा तर जेमतेम उल्लेख. माझ्या मते ते अमेरिकेच्या इतिहासाच्या कप्प्यात हवं. अमेरिका खंड ओलांडायला निघालेले लुइस आणि क्लार्क ज्या वर्षी पॅसिफिक महासागराला पोचले, त्याच वर्षी हा माणूस इकडे चहा जोखत होता. त्या मोहिमेवर कपाटंच्या कपाटं भरली आहेत. उधारी कोण बुडवतं, वायदे कसे मोडतात, पेन्सिल्व्हेनियातल्या सनबरीसारख्या आडगावात दुकान चालवायचं म्हणजे काय, हे मात्र मला या पुस्तकाने सांगितलं. सनबरीत तो १८११ ते १८१८ होता. तिथल्या व्यवहारांची जंत्री लांबते, हे खरं. फसवणाऱ्यांची यादी वाचताना मधे मधे कंटाळाही येतो. पण ती पानं गाळू नका. नव्या देशात कुणावर विश्वास ठेवायचा हे ज्याला कळत नाही, त्याचीच ती पानं आहेत.

आधीचा भाग युरोपातला आहे आणि त्यातलं एक पान मी किती वेळा वाचलं असेन! व्हिएन्नामध्ये त्याच्याकडे एकाच वेळी तीन संगीतकारांच्या ऑपेरांचं काम आलं: मोत्झार्टचं, मार्तिनचं आणि सालिएरीचं. सम्राट जोसेफ दुसरा म्हणाला, जमणार नाही. दा पोन्ते म्हणाला, रात्री मोत्झार्टसाठी लिहीन आणि दान्तेचा ‘इन्फेर्नो’ वाचतोय असं समजेन, सकाळी मार्तिनसाठी आणि पेत्रार्क वाचतोय असं समजेन, संध्याकाळी सालिएरीसाठी, तेव्हा माझा तासो असेल. दान्ते, पेत्रार्क, तासो, तिघेही जुने इटालियन कवी. मग तो टेबलाशी बसला. उजव्या हाताला टोकाय वाइनची बाटली, मधे दौत, डाव्या हाताला सेव्हिलच्या तंबाखूची डबी. रोजचे बारा-बारा तास. ६३ दिवसांत दोन संहिता पूर्ण, तिसरीचा दोन तृतीयांश भाग तयार. त्यातली एक ‘डॉन जोव्हानी’.

आणि त्याच व्हिएन्नात त्याचे दात गेले. हिरडीला गळू झालं होतं. एका बाईचं मन दा पोन्तेवर जडलंय म्हणून एक जण जळत होता. त्याने औषध म्हणून बाटली दिली, तिच्यात नायट्रिक अॅसिड होतं. हे तो फार आरडाओरडा न करता सांगतो. मी मात्र ते वाचताना जिभेने माझे दात चाचपले.

इटालियन वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर न्यू यॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर उतरणारी स्थलांतरितांची गर्दी येते. ते बरोबरच आहे. १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन माणसं अमेरिकेत आली. पण दा पोन्ते त्यांच्या कितीतरी आधीचा. तो आला तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता, तो झाला १८६१ साली. त्याचा जन्म १७४९चा, व्हेनिस प्रजासत्ताकातल्या चेनेदा गावचा. ते प्रजासत्ताक १७९७ साली संपलं. जन्माचं नावही राहिलं नव्हतं. तो ज्यू घरातला, एमानुएले कोनेल्यानो. १७६३ साली वडिलांसोबत ख्रिस्ती झाला आणि बाप्तिस्मा देणाऱ्या बिशपचं नाव त्याला मिळालं. आठवणींमध्ये या गोष्टीचा तो उच्चारही करत नाही. देश नाही, मूळ नाव नाही. मग वारसा म्हणून बरोबर काय आणलं? व्हायोलिनच्या तारांची एक पेटी, थोडे पैसे आणि काही इटालियन पुस्तकं. लहानपणी, धड शिक्षण होत नव्हतं त्या काळात, घराच्या माळ्यावर वडिलांनी टाकून दिलेल्या रद्दीत त्याला पुस्तकं सापडली होती आणि ती त्याने सगळी वाचून काढली होती. तो माळा त्याने कधी सोडलाच नाही, असं मला वाटतं.

१८०७ साली न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर एका पुस्तकाच्या दुकानात त्याचं तिथल्या एका तरुणाशी इटालियन साहित्यावरून बोलणं सुरू झालं. तो तरुण म्हणजे क्लेमंट मूर, ज्याची नाताळच्या आदल्या रात्रीची कविता पुढे अमेरिकेतल्या प्रत्येक पोराला पाठ झाली. मूरचे वडील बिशप आणि कोलंबिया कॉलेजचे प्रमुख. दा पोन्तेला शिकवण्या मिळाल्या त्या या ओळखीतून. १८२५ साली तो कोलंबियाचा इटालियनचा पहिला प्राध्यापक झाला, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. पगार नाही, विद्यार्थ्यांची फी तेवढी मिळायची. आणि सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर विद्यार्थीच येईनात.

इथे मी पुस्तक मिटून बसले. रविवारी मी मुलांना मराठी शिकवते. सप्टेंबरमध्ये अकरा जण असतात, मार्चमध्ये चार. फळा पुसून खुर्च्या भिंतीला लावताना जे वाटतं, ते मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. दा पोन्तेने सांगितलंय. विद्यार्थी नाहीत म्हणून तो घरी बसला नाही. युरोपातून पुस्तकं मागवत राहिला, लायब्ररीसाठी लोकांच्या मागे लागत राहिला. या शहरात दान्ते असलाच पाहिजे, वाचणारा आज असो वा नसो.

त्याला एक मोठा आनंद मात्र मिळाला. गायक मान्युएल गार्सियाची मंडळी न्यू यॉर्कला आली होती. दा पोन्तेने त्यांच्याकडे ‘डॉन जोव्हानी’चा आग्रह धरला. एक गायक कमी पडत होता, तर पैसे जमवायला तो स्वतः पुढे झाला. मे १८२६मध्ये पार्क थिएटरमध्ये प्रयोग झाला. गार्सिया नायकाच्या भूमिकेत, त्याची मुलगी मारिया झेर्लिनाच्या. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाने एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे आपले शब्द समुद्राच्या या काठावर ऐकले. पुढे १८३३ साली त्याच्या खटपटीतून खास इटालियन ऑपेरासाठी थिएटर उभं राहिलं, पण ते चाललं नाही.

१७ ऑगस्ट १८३८ला तो गेला. अकराव्या रस्त्यावरच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरलं. थडग्यावर दगड बसला नाही आणि जागा हरवली. ती दफनभूमीही आता नाही, तिथले अवशेष क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत हलवले. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्या रस्त्यावर चालत गेले. पहिला अव्हेन्यू ओलांडून अव्हेन्यू एपर्यंत, आणि परत. इमारती, उभ्या गाड्या, कुत्रा फिरवणारा एक मुलगा. काहीतरी दिसेल असं वाटलं नव्हतंच, पण पुस्तक पिशवीत घेऊन गेले होते.

आता माझ्या टेबलावर अमेरिकन कवी लाँगफेलोने इंग्रजीत आणलेला दान्ते आहे, १८६७चा. पत्नीच्या मृत्यूनंतर तो या कामात बुडाला आणि दर बुधवारी संध्याकाळी मित्रांना बोलावून केलेलं वाचून दाखवायचा. हे दा पोन्तेला पाहायला मिळालं असतं तर!

त्याच्या पुस्तकाच्या शेवटाकडे एक उतारा आहे. ऐंशी ओलांडल्यावर त्याने ब्रॉडवेवर इटालियन पुस्तकांचं दुकान काढलं. गिऱ्हाईक फार नाही, खुर्चीतून उठायची वेळ क्वचितच येते. पण दारात घोडागाड्या सारख्या थांबतात, सुंदर चेहरे आत डोकावतात आणि निघून जातात. शेजारी मिठाईचं दुकान आहे, त्यांना तिथे जायचं असतं. तर तो म्हणतो, मीही काचेवर पाटी लावतो: ‘येथे इटालियन मिठाई मिळेल’. कुणी चुकून आलंच तर त्याला पेत्रार्क दाखवीन आणि सांगेन, ज्याला चावायला दात आहेत, त्याच्यासाठी याहून गोड काही नाही.

व्हिएन्नातल्या त्या बाटलीनंतर, बोळक्या तोंडाने, ऐंशी ओलांडलेल्या माणसाने हे लिहिलंय.