तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रह्मदेश की थायलंड?

"ब्रह्मदेश जास्त आवडला की थायलंड?" २०१८च्या जानेवारीत आम्ही दोघांनी एकाच सहलीत दोन्ही देश पाहिले. तेव्हापासून रत्नागिरीत लग्नघरी, बँकेच्या रांगेत मला हेच विचारलं जातं. पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "दोन्ही शेजारी, दोन्हीकडे बुद्ध, फरक तो काय?" मी "थायलंड" म्हणते आणि सुटका करून घेते. ते उत्तर खरं नाही.

फरक पायांपासूनच जाणवतो. बँकॉकच्या देवळात आतल्या दालनाशी चपला काढल्या की पुरे. यांगूनच्या श्वेडागॉन पॅगोडाला मात्र पायऱ्यांच्या तळाशीच अनवाणी व्हायचं, मोजेसुद्धा चालत नाहीत. तिथल्या बायका थानाखाचं खोड दगडावर पाणी घालून उगाळतात आणि गालांना लावतात. दगड थेट आमच्या आजीच्या सहाणेसारखा. बँकॉकच्या स्टेशनवर सकाळी आठला राष्ट्रगीत लागलं आणि माणसं होती तिथे उभी राहिली. समोर राजाची मोठी तसबीर. त्यांचा राजा त्यांच्यापाशी आहे.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आमच्या गावात पुरलेला आहे. थिबा पॅलेस, थिबा पॉइंट ही नावं तुमच्याइतकीच माझ्याही तोंडात बसलेली.

मंडालेला आम्हाला एक वयस्कर टॅक्सीवाले भेटले. मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचे. राजवाड्याच्या खंदकाशी त्यांनी गाव विचारलं. मी म्हटलं, रत्नागिरी. "यदनागिरी?" त्यांनी गाडी बाजूला घेतली. मला केवढा आनंद झाला! मी उत्साहानं सांगून टाकलं, "तुमचा राजा तीस वर्षं आमच्याकडे पाहुणा होता."

ते काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "त्यांना परत यायची मोकळीक होती?" मी म्हटलं, नव्हती. नोव्हेंबर १८८५मध्ये राजा-राणीला बैलगाडीतून नदीपर्यंत कसं नेलं, ते त्यांनी बोट दाखवून सांगितलं. राजा तेव्हा सव्वीस वर्षांचा. मग म्हणाले, "थडग्यावर फुलं कोण घालतं?"

माझं घर तिथून दहा मिनिटांवर. मी शाळेच्या सहलीनंतर तिकडे गेले नव्हते.

त्यांनी आरशाला टांगलेली मोगऱ्याची माळ काढून माझ्या हातात दिली. देताना डावा हात उजव्या कोपराला लावला होता, आदरानं देतात तसा.

आता तुम्ही म्हणाल, कैद इंग्रजांची, आपला काय दोष? मीही स्वतःला हेच सांगते. शिवाय थिबा कुठला साधू होता? १८७९मध्ये त्याची गादी टिकावी म्हणून राजघराण्यातली किती माणसं मारली गेली! हे सगळं खरं आहे. पण त्याच सहलीत, दोनच दिवस आधी, यांगूनला शेवटचा मोगल बादशहा बहादुरशहा जफरच्या कबरीपाशी मी यांना म्हणाले होते, "बिचारा परमुलखात कैदेत गेला." आपला तो कैदी आणि त्यांचा तो पाहुणा, हे मी कुठे शिकले? कुणी शिकवल्याचं आठवत नाही. तेव्हाची मी म्हणेल, शब्दाचं काय एवढं, माया होती म्हणून पाहुणा म्हटलं. मायाही होतीच, ते मी नाकारत नाही.

ती माळ बँकॉकला पोचेपर्यंत काळी पडली. बॅग भरताना मी ती हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. विसरून नाही, हातात धरून, बघून टाकली. विमानतळावर पोचल्यावर पोटात गोळा आला.

परतल्यावर बाजारातून गजरा घेऊन शिवाजीनगरला गेले, थडग्यावर ठेवला. पण तो त्या टॅक्सीवाल्यांचा नव्हता. त्यांना कळवायचं तर त्यांचं नावसुद्धा विचारलेलं नाही. २०२१मध्ये तिथे पुन्हा लष्करानं सत्ता घेतली. ते कुठे असतील, गाडी चालवत असतील का, ठाऊक नाही.

म्हणून "कुठला आवडला" म्हटलं की मी थायलंड म्हणते. तिथे मला गावाचं नाव कुणी विचारलं नाही.