गोचिडांचा बंदोबस्त

पावसाळा सुरू झाला आणि मिरीच्या कानामागे बोटाला काहीतरी टणक लागलं. पाहिलं तर रक्त पिऊन टम्म फुगलेला राखाडी गोचीड. मिरी आमची गावठी कुत्री, केस आखूड, म्हणून निदान सापडला तरी. पंजाच्या बेचक्या उघडल्या तर तिथे बारीक तपकिरी आणखी चिकटलेले.

आई म्हणाली रॉकेल लाव, शेजारच्या काकूंनी कापूर घातलेलं खोबरेल सुचवलं. डॉक्टरांनी दोन्ही बाद केलं. कुत्रं अंग चाटतं, लावलेलं सगळं पोटात जातं. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, गोचीड अगदी कातडीलगत धरायचा आणि हळूच सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, नखांत चिरडायचा तर मुळीच नाही. काढलेला स्पिरिटमध्ये टाकायचा; आमच्याकडे एक बाटली त्यासाठीच राखून ठेवली. शिवाय मिरीचं वजन करून त्या हिशेबाने गोळी दिली. तिचं औषध रक्तातून पसरतं, गोचीड चावला की मरतो. म्हणजे गोळीनंतरही अंगावर एखादा दिसणारच. तो दिसला म्हणून वर आणखी फवारे मारायची गरज नाही.

पण खरी लढाई घरात असते, आणि ती कुणी सांगत नाही. पोट भरलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या, चौकटीच्या फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. पिल्लं रक्त पितात, खाली पडतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. कुत्रं कितीही घासा, फटी तशाच राहिल्या तर काय उपयोग! लादी फिनेलने पुसून काही साधत नाही. पलंगाचे सांधे, दाराच्या चौकटी, सोफ्याची खालची बाजू, सगळीकडे व्हॅक्यूम फिरवला, आणि तोही पुन्हा पुन्हा. मिरीची गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. कीटकनाशकाचा विषय निघाल्यावर डॉक्टरांनी आधी विचारलं, घरात मांजर आहे का? परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक कुत्र्याला चालतं, मांजराच्या जिवावर बेततं.

बाकी निगा सोपी. आंघोळीला कुत्र्यांचाच शाम्पू, आपला नको. कानात बड घालायचा नाही, नळी आत वळलेली असते, मळ आणखी आत ढकलला जातो. नखं रस्त्यावर चालून झिजतात, फक्त अंगठ्याचं जमिनीला टेकत नाही म्हणून वाढून वळतं. ते काळं असल्याने आतली शीर दिसत नाही, तेव्हा अगदी थोडं थोडं कापायचं.

ताप, खाण्याकडे पाठ, फिकट हिरड्या दिसल्या तर मात्र थेट रक्त तपासायचं. गोचिडांचा ताप घरच्या उपायांनी जात नाही.

आता फिरून आलं की झडती ठरलेली. मिरी सगळं करू देते, शेपटीखाली मात्र फक्त आईला. तिच्या हातात भाकरीचा तुकडा असतो ना.